ठेवी खेड्यांच्या, सामने शहरांचे

३१ ऑक्टोबर २०२५ च्या रात्री दिल्लीत प्रो कबड्डी लीगच्या बाराव्या मोसमाचा अंतिम सामना झाला. दबंग दिल्लीने पुणेरी पलटणला ३१-२८ असे हरवले. फरक अवघ्या तीन गुणांचा. एखादी चढाई इकडची तिकडे झाली असती, तर करंडक पुण्यात आला असता. त्या तीन गुणांची हळहळ घरोघरी झाली असेल. पण हळहळ वाटावी अशी दुसरी एक गोष्ट होती आणि तिच्याकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. त्या मोसमात महाराष्ट्राच्या नावाचे दोन संघ खेळत होते, पुणेरी पलटण आणि यू मुंबा; आणि महाराष्ट्रात एकही सामना झाला नाही. विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई आणि दिल्ली या चार शहरांत सारा मोसम आटोपला.

पुण्या-मुंबईच्या माणसाला याचे नवल वाटेल. सातारा-सांगलीच्या माणसाला वाटणार नाही, कारण आपले नाव घेऊन खेळ दुसरीकडे चालणे हे त्याच्या अंगवळणी पडले आहे. २०१८ च्या नोव्हेंबरात कुस्तीची एक मोठी दंगल दूरचित्रवाणीवर गाजली. तिच्यात ‘यशवंत सातारा’ नावाचा संघ होता. या संघाच्या कुस्त्या झाल्या पुण्याजवळ बालेवाडीला. २०२५ मध्ये महाराष्ट्र प्रीमियर लीग या क्रिकेट स्पर्धेत ‘सातारा वॉरियर्स’ उतरले. ते खेळले गहुंज्याला. त्याआधी, २०१५ साली, महाकबड्डी लीगमध्ये ‘सांगली रॉयल्स’ होते. ती लीगही पुढे चालू राहिली नाही. जिल्ह्याचे नाव जर्सीवर आले, पण सामना जिल्ह्यात आला नाही. लग्नपत्रिकेवर ‘आमचे येथे’ छापायचे आणि मांडव मात्र परगावी घालायचा, असला हा प्रकार आहे.

आता यावर लीगवाल्यांच्या नावाने बोटे मोडणे सोपे आहे. पण धंदा करणाऱ्याचा हिशेब समजून न घेता त्याच्यावर राग धरण्यात अर्थ नसतो. तेव्हा आधी त्यांची वही उघडून पाहू.

वहीतले आकडे

प्रो कबड्डी २६ जुलै २०१४ रोजी मुंबईत सुरू झाली तेव्हा संघ होते आठ. तिची मांडणी फिरत्या तंबूसारखी होती. सगळे संघ एकेका शहरात जायचे, तिथे काही दिवस मुक्काम ठोकायचे, त्या दिवसांत यजमान संघ आपले घरचे सामने खेळून घ्यायचा आणि मग सारा काफिला पुढच्या शहराकडे निघायचा. २०१७ मध्ये संघ बारा झाले. शहरे वाढली, सामने वाढले, मोसम तीन महिन्यांवर गेला.

मग करोना आला. २०२१-२२ चा आठवा मोसम बंगळुरूच्या एका मोठ्या हॉटेलात, प्रेक्षकांविना झाला. ज्या इमारतीत खेळाडू झोपले, त्याच इमारतीत खेळले. त्या मोसमाने चालकांना एक गोष्ट शिकवली : प्रवास न करताही लीग चालते. २०२२ चा नववा मोसम बंगळुरू, पुणे आणि हैदराबाद या तीन शहरांत झाला, फक्त शेवटची बाद फेरी मुंबईला. २०२३-२४ च्या दहाव्या मोसमात पुन्हा बाराही शहरांची फेरी झाली. तो मोसम पुणेरी पलटणने जिंकला. २०२४ चा अकरावा मोसम परत तीन शहरांवर आला : हैदराबाद, नोएडा, पुणे. आणि २०२५ ला चार. एकदा पसरायचे आणि दोनदा आवरायचे, असा हा हेलकावा चालू आहे.

आवरण्यामागचे कारण उघड आहे. बारा संघ, प्रत्येकी खेळाडू, प्रशिक्षक, मालिशवाले आणि व्यवस्थापक मिळून पंचवीस माणसे धरली, तर तीनशे माणसे होतात. पंच, कॅमेरावाले, समालोचक, दिवे बसवणारे वेगळे. शहर बदलले की तीनशे माणसांची विमानाची तिकिटे काढायची, दीडशे खोल्या घ्यायच्या. मॅट उचलायची, दिवे उतरवायचे, जाहिरातींचे पडदे, केबलची भेंडोळी ट्रकांत भरायची आणि दोन दिवसांत दुसऱ्या गावी तेच सारे पुन्हा उभे करायचे. ज्याने घरात एक लग्न केले आहे, त्याला बारा शहरांत बारा लग्ने म्हणजे काय ते सांगायला नको.

आता जमेची बाजू. या लीगचे प्रक्षेपणाचे हक्क २०२१ मध्ये पाच मोसमांसाठी सुमारे ९०८ कोटी रुपयांना गेले. म्हणजे एका मोसमाला साधारण १८० कोटी. त्यासमोर तिकीटविक्री ठेवा. समजा चार हजार खुर्च्यांचे सभागृह आहे, सरासरी तीनशे रुपये तिकीट आहे आणि एकही खुर्ची रिकामी नाही. रात्रीचा गल्ला झाला बारा लाख. अशा शंभर रात्री भरल्या तरी बारा कोटी. खेळ पाहणारा माणूस वहीत पडद्यापलीकडे बसलेला आहे. सभागृहातला प्रेक्षक हा पडद्यावर गर्दी दिसावी म्हणून लागतो. मग गर्दी जयपूरची असली काय आणि साताऱ्याची असली काय?

एका वर्षाचा ताळेबंद मांडायचा असेल तर या हिशेबात चूक नाही. चूक दिसते ती दहा वर्षांचा मांडला की.

ठेव आणि कर्ज

मी बँकेत होतो तेव्हा ग्रामीण शाखांच्या बैठकीत एक आकडा हटकून विचारला जाई : सीडी रेशो. म्हणजे शाखेने गावातून जेवढ्या ठेवी गोळा केल्या, त्यांतले किती रुपये त्या भागात कर्जाऊ दिले. शंभर रुपये ठेव घेऊन वीसच रुपये गावात दिले असतील, तर बाकीचे ऐंशी शहरात गेले असे समजायचे. शेतकऱ्याच्या घामाचा पैसा शहरातल्या कारखानदाराच्या कामी यावा आणि गावातल्या विहिरीला कर्ज मिळू नये, हे बरे नव्हे. म्हणून रिझर्व्ह बँकेने ग्रामीण आणि निमशहरी शाखांसाठी हे प्रमाण ६० टक्क्यांपर्यंत न्यावे असे बँकांना सांगून ठेवले. ते सगळीकडे पाळले गेले असे नाही. पण निदान प्रश्न विचारला जात होता.

खेळाच्या लीगना हा प्रश्न कुणी विचारत नाही. वाळवा तालुक्यातल्या कासेगावचा काशिलिंग आडके प्रो कबड्डीच्या पहिल्या मोसमांत दिल्लीसाठी चढाया करून देशभर पोचला. सांगली जिल्ह्याचाच नितीन मदने २०१४ च्या इंचॉन एशियाडमध्ये सुवर्णपदक मिळवणाऱ्या भारतीय संघात होता. शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्यातला सिद्धार्थ देसाई २०१९ च्या लिलावात १ कोटी ४५ लाख रुपयांना गेला. ही मुले आकाशातून पडलेली नाहीत. कुठल्यातरी मंडळाने देवळामागची जागा झाडून, खडे वेचून, पाणी मारून मैदान केले. कुणीतरी शिक्षक शाळा सुटल्यावर तासभर थांबला. वर्गणी काढून गणवेश शिवले. टेम्पोत बसून मुले निमंत्रितांच्या स्पर्धांना गेली, हरली, गुडघे फोडून घेऊन परत आली. ही गावाची ठेव. वीस-पंचवीस वर्षे पै-पै करून भरलेली.

लीगने ही ठेव उचलली आणि शहरांत गुंतवली. खेळाडूला चांगला मोबदला मिळाला, ही आनंदाची गोष्ट आहे आणि ती कमी लेखण्याचे कारण नाही. पण मंडळाच्या पदरी काय आले? गावातल्या दहा वर्षांच्या पोराला आपल्या गल्लीतला दादा पडद्यावर दिसला. त्याची चढाई मॅटवर, दिव्यांखाली, डोळ्यांसमोर पाहणे त्याच्या नशिबी आले नाही. टीव्हीवर क्रिकेटही दिसते, फुटबॉलही दिसते. तिथे कबड्डी ही पन्नासांतली एक वाहिनी असते. डोळ्यांसमोर पाहिलेला खेळ मात्र पोरगा दुसऱ्या दिवशी अंगणात खेळतो. ठेवी अशा वाढतात. ठेवीदाराला काहीच परत मिळाले नाही, तर एक दिवस तो ठेव ठेवायचे थांबवतो, आणि बँकेला ते कळते तेव्हा उशीर झालेला असतो.

हल ते लिव्हरपूल

हा पेच आपल्याच वाट्याला आलेला नाही. इंग्लंडच्या उत्तरेला रग्बी लीग नावाचा खेळ आहे. तेरा-तेरा गडी, धरणे, पाडणे, सुटून पुढे जाणे. आपल्या कबड्डीवाल्याला पाहताक्षणी आपला वाटेल असा रांगडा खेळ. त्याचा जन्मच एका हिशेबातून झाला. खाणीत आणि गिरणीत राबणारे खेळाडू शनिवारी सामन्याला गेले की त्यांची मजुरी बुडे. ती क्लबने भरून द्यावी की नाही, यावर दक्षिणेतल्या धनिक मंडळींशी वाद झाला. २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेच्या क्लबांनी बैठक घेऊन वेगळी चूल मांडली. खाडा पडलेल्या दिवसाची मजुरी मिळावी, एवढ्या मागणीतून एक खेळ उभा राहिला. ऊसतोडीचा किंवा कारखान्यातला रोज बुडवून स्पर्धेला जाणाऱ्या आपल्याकडच्या मुलांना ही गोष्ट परकी वाटणार नाही.

त्या खेळाची गावे पाहा. विगन, सेंट हेलेन्स, कॅसलफर्ड, वेकफील्ड, हल. कॅसलफर्डची वस्ती पंचेचाळीस हजारांच्या आसपास. आपल्या कराड शहराहूनही थोडी कमीच. तरी तिथला क्लब देशातल्या वरच्या लीगमध्ये खेळतो. हे परवडते कसे? पश्चिमेच्या लिव्हरपूलपासून पूर्वेच्या हलपर्यंतचे अंतर सुमारे दोनशे किलोमीटर आहे. पाहुणा संघ दुपारी बसने निघतो, सामना खेळतो आणि रात्री घरी जाऊन झोपतो. विमान नको, दीडशे खोल्या नकोत.

याच लीगने लांब उडी मारूनही पाहिली. कॅनडातल्या टोरंटोचा संघ २०१७ मध्ये सर्वांत खालच्या श्रेणीत दाखल झाला. समुद्रापलीकडे खेळायला येणाऱ्या पाहुण्या संघांचा प्रवास आणि मुक्काम हा यजमानांनीच आपल्या डोक्यावर घेतला. भिस्त एका धनवान मालकावर होती. २०२० मध्ये संघ वरच्या लीगमध्ये पोचला आणि त्याच वर्षी करोनात, मोसम अर्ध्यावर टाकून बाहेर पडला. उलट दक्षिण फ्रान्समधला कॅटलन्स हा संघ २००६ पासून टिकून आहे, कारण त्या मुलखात हा खेळ आधीपासून रुजलेला होता.

ऑस्ट्रेलियातली रग्बी लीग तर दोन्ही प्रयोग एकदम करते आहे. २०२४ पासून ती मोसमाची सुरुवात अमेरिकेतल्या लास वेगासला करते. तिथे नवे गिऱ्हाईक शोधायचे आहे. आणि २०२८ पासून पापुआ न्यू गिनीचा संघ तिच्यात यायचा आहे. त्या देशाची गरिबी सर्वांना ठाऊक आहे, पण रग्बी लीग हा तिथला राष्ट्रीय खेळ म्हणावा इतका लाडका. त्यासाठी ऑस्ट्रेलिया सरकारने दहा वर्षांत ६० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर देऊ केले आहेत. त्यात राजकारणही आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण खेळावर ज्यांचा जीव आहे त्यांच्या दारी सामना न्यायचा झाला, तर तिकिटांच्या गल्ल्यावर ते भागत नाही, हा धडा त्यात आहे.

भारतात रग्बीची पहिली व्यावसायिक लीग २०२५ च्या जूनमध्ये झाली. संघ सहा आणि मैदान एकच, मुंबईतले अंधेरीचे. नव्या रोपट्याला कुंडीत ठेवावे लागते, हे मान्य. पण कबड्डी हे रोपटे नाही, तो आपल्या मातीतला वड आहे. त्याला कुंडीत घालण्याचे कारण काय?

जत्रांचे वेळापत्रक

खरे तर फिरती लीग आपल्या दोन जिल्ह्यांना नवी नाही. सुगी आटोपली की इकडे जत्रांचा हंगाम सुरू होतो आणि जत्रा म्हटली की कुस्त्यांचे मैदान आलेच. पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेपासून गावोगावच्या भैरोबा-जोतिबापर्यंत साऱ्या तिथी ठरलेल्या. मल्ल त्या तिथींप्रमाणे फिरतात. आज या गावी, परवा पलीकडच्या. जीपमधून यायचे, कुस्ती करायची, फेटा आणि इनाम घेऊन रात्रीत तालमीत परत. हलगीवाला आणि कुस्त्या पुकारणारा हेही असेच फिरतीवर. पलूस तालुक्यातल्या कुंडलच्या मैदानाला तर लांबलांबून माणसे येतात.

या लीगला चालक नाही, लिलाव नाही आणि तरी ती पिढ्यान् पिढ्या चालली आहे. तिच्या व्यवस्थेत दोन गोष्टी शहाणपणाच्या आहेत. एक म्हणजे, दोन मैदानांतले अंतर असे की मल्ल रात्री घरी पोचावा. दुसरी म्हणजे, मोठी निकाली कुस्ती शेवटी असते आणि दुपारपासून गावातल्या पोरांच्या लहान लहान कुस्त्या लावलेल्या असतात. ज्या लाल मातीत शेवटी नामांकित मल्ल उतरायचा, त्याच मातीत दुपारी दहा वर्षांचा पोरगा शड्डू ठोकून शेवटी नारळ घेऊन घरी गेलेला असतो. ठेव आणि कर्ज, दोन्ही एकाच मैदानात.

पण मैदान गावात असले तरी साधने गावात नसतात, ही दुसरी बाजूही पाहायला हवी. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला गेले तेव्हा त्यांची सारी कुस्ती मातीवरची होती. मॅटची गाठ पडली ती थेट लंडनला. तरी सहावे आले. १९५२ च्या हेलसिंकीसाठी पैसे कमी पडले तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबा कांस्यपदक घेऊन आले, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. बैलगाड्यांच्या मिरवणुकीने गावाने त्यांना घरी नेले. मॅट त्यांच्याकडे आली नाही. त्यांना मॅटकडे जावे लागले, तेही गहाणाच्या पैशांवर. दर वेळी एक प्राचार्य आपले घर गहाण टाकील, या भरवशावर खेळाची व्यवस्था उभी करता येत नाही.

एक पाऊस, एक गदा

सामना दारी आला की काय होते, याची दोन उदाहरणे अलीकडची आहेत. एप्रिल २०२२ मध्ये महाराष्ट्र केसरी स्पर्धा साताऱ्याच्या छत्रपती शाहू स्टेडियमवर झाली. माणसांनी स्टेडियम फुलून गेले. कोल्हापूरच्या पृथ्वीराज पाटीलने गदा जिंकली. पण मध्येच वळवाचा पाऊस आला, मैदानात पाणी झाले आणि कुस्त्या थांबवाव्या लागल्या. पुढे विजेत्याच्या रोख बक्षिसावरूनही बरेच वादंग झाले. प्रेक्षक होते, हौस होती. डोक्यावर छप्पर आणि कागदावर चोख व्यवहार या दोन गोष्टी कमी पडल्या.

मार्च २०२३ मध्ये पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा सांगलीत झाली. गदा जिंकली सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने, कल्याणच्या वैष्णवी पाटीलला हरवून. आपल्या जिल्ह्यात, आपल्या माणसांसमोर. त्या दिवशी तिथे बसलेल्या मुलींच्या मनात काय चालले असेल ते त्यांच्या आयांना विचारावे. मुलगी कुस्ती करते म्हणून नाक मुरडणाऱ्या घरांत एका गदेने जेवढे काम केले, तेवढे शंभर भाषणांनी झाले नसते. ही स्पर्धा दूरच्या शहरात झाली असती तर तीच प्रतीक्षा जिंकली असती, बातमीही छापून आली असती. पण हे काम झाले नसते.

मागायचे काय?

आता निर्णयाची वेळ आहे. प्रक्षेपण हक्कांचा पाच मोसमांचा तो हिशेब २०२५ च्या मोसमाबरोबर पुरा झाला. पुढची मांडणी करताना किती शहरे घ्यायची, संघ वाढवायचे की नाही, हे प्रश्न चालकांना टाळता येणार नाहीत. अशा वेळी आपल्याकडची पुढारी मंडळी ‘साताऱ्याचा संघ द्या, सांगलीचा संघ द्या’ अशी मागणी करतील. माझे म्हणणे आहे की ती करू नये. संघ म्हणजे वर्षानुवर्षांचा कोटींचा खर्च. तो पेलणारा मालक मुंबईचा असेल, सामने परराज्यात होतील आणि आपल्या वाट्याला पुन्हा जर्सीवरची अक्षरे येतील. त्यापेक्षा सामना मागावा.

सामना मागायचा तो हिशेबात बसेल असा. बारा संघांचा काफिला साताऱ्याला आणायचा म्हटले, तर तीनशे माणसांना राहायला जागा कुठून आणणार? पण चार संघ तीन दिवसांसाठी आले, तर शंभर माणसांचा प्रश्न आहे. लीगचा मुक्काम पुण्यात असेल तेव्हा सातारा तिथून एकशेदहा किलोमीटरवर आहे. ट्रक सकाळी निघाले तर दुपारी मॅट अंथरून होईल. पुणे, सातारा, कराड, सांगली ही वाट सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटरची. हल ते लिव्हरपूलच्या रस्त्याएवढीच, फार तर थोडी अधिक. राज्य कबड्डी संघटनेला जिल्ह्यांची लीग चालवायची असेल तर तिच्यासाठी याहून सोयीचा रस्ता सापडणे कठीण. बसने जायचे, बसने यायचे.

दुसरी मागणी सरकारकडे : छप्पर. तीन-चार हजार माणसे बसतील, दिवे लागतील, बायकांसाठी स्वच्छ शौचालये असतील आणि पाऊस आला तरी खेळ थांबणार नाही, असे एक बंदिस्त सभागृह दोन्ही जिल्ह्यांत. वर्षाचे तीनशे दिवस तिथे मुलांचा सराव व्हावा. लीगचे तीन दिवस हा वरचा नफा. हे उलटे केले, म्हणजे लीगसाठी सभागृह बांधले, तर उरलेले दिवस तिथे लग्ने लागतील.

तिसरी मागणी मंडळांसाठी. फुटबॉलमध्ये खेळाडूची एका देशातल्या क्लबातून दुसऱ्या देशात विक्री झाली की किमतीचे ५ टक्के, तो लहानपणी ज्या ज्या क्लबांत घडला त्यांच्यात वाटले जातात. कबड्डीच्या लिलावातही असा नियम आणावा. खेळाडूच्या मानधनाला हात न लावता संघमालकाने वर घालायचे. सिद्धार्थ देसाईच्या १ कोटी ४५ लाखांचे ५ टक्के म्हणजे सव्वासात लाख होतात. मालकाला ही रक्कम जाणवणारही नाही. खेड्यातल्या मंडळाची मॅट तेवढ्यात येईल.

चौथी गोष्ट मुलींची. २०१६ मध्ये प्रो कबड्डीच्या जोडीने तीन महिला संघांची एक छोटी स्पर्धा झाली होती. ती पुढे चालली नाही. लीग वाढवायची असेल तर तेरावा पुरुष संघ शोधण्याआधी ही थांबलेली गाडी सुरू करावी, आणि सांगलीचा अनुभव पाहता ती आमच्याकडून सुरू करावी.

आणि काही गोष्टी आपणही सोडायला हव्यात. जत्रेचे मैदान फुकट असते, म्हणून सामनाही फुकट पाहायला मिळाला पाहिजे ही समजूत सोडावी लागेल. पुढच्या चार रांगा पासवाल्यांच्या आणि पैसे देऊन आलेला माणूस खांबाआड, ही रीत सोडावी लागेल. प्रक्षेपण आठला म्हणजे आठलाच सुरू होते. व्यासपीठावरच्या बावीस मान्यवरांचे हारतुरे संपेपर्यंत ते थांबत नाही. शाल-श्रीफळासाठी खेळाडूंना ताटकळत ठेवणाऱ्या गावाकडे लीग एकदा येईल, दुसऱ्यांदा येणार नाही. सामना मागणाऱ्याने आधी घड्याळ पाळायला शिकले पाहिजे.

हे सारे झाले तरी लीगच्या वहीत सातारा-सांगलीचे तीन दिवस तोट्याचेच दिसतील. तो तोटा खर्चात धरू नये. ग्रामीण शाखा पहिली काही वर्षे तोट्यात चालते हे बँकेला ठाऊक असते. तरी ती शाखा उघडते, कारण पुढच्या ठेवी तिथूनच यायच्या असतात. शहरे पाच वर्षांत दुसऱ्या करमणुकीकडे वळू शकतात. कासेगावसारखी गावे वळणार नाहीत. पण त्यांनाही अधूनमधून व्याज मिळावे लागते, आणि हे व्याज रुपयांत देऊन भागत नाही. ते मॅटवर, दिव्यांखाली, गावच्या पोरासोरांच्या डोळ्यांसमोर द्यावे लागते.